गाडीच्या काचेतले पांढरे केस

तो फोन आठवला की आजही बसल्या जागी माझी चुळबूळ सुरू होते.

आरे कॉलनीच्या रस्त्यावर पाड्यावरच्या एका म्हातारीला गाडीने उडवलं होतं. रुग्णालयात तिचा जीव गेला. तिला रिक्षात घालून आणणाऱ्या गृहस्थाने जबाब दिला : पांढरी गाडी होती, नंबर दिसला नाही. आम्ही पांढऱ्या गाड्या धुंडाळत होतो, हाती काही लागत नव्हतं. हे गृहस्थ सारखे आमच्या पोलीस ठाण्यात यायचे. "साहेब, लागला का काही पत्ता?"

मग भांडुपच्या एका गोदामातून आलेला फोन नियंत्रण कक्षाने आमच्याकडे जोडून दिला. तिथे भंगारातली काच निवडून भट्टीवर पाठवतात, वितळवून तिच्या नव्या बाटल्या होतात. गाडीची समोरची काच मात्र तशीच जात नाही. तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो आधी सोलावा लागतो. ते काम करणारी बाई बोलत होती.

"साहेब, काचेत पांढरे केस अडकलेत. लांब, बाईमाणसाचे. मला हात लाववेना. आणि इकडे ट्रक भरतायत."

"ट्रक थांबवा!" मी ओरडलोच.

पंचनामा केला, काच सील करून प्रयोगशाळेत पाठवली. ती मालाडच्या गॅरेजमधून आली होती. गॅरेजवाला म्हणाला, "झाडाची फांदी पडली म्हणाला ना तो. मी काच बदलून दिली, बस."

"तो कोण?"

त्याने नाव सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलो. म्हातारीला रुग्णालयात आणणारा तोच. गाडी राखाडी.

त्याला समोर बसवलं. तो तळहात गुडघ्यांवर घासत राहिला. गाडी झाडीत लावून त्याने रिक्षा थांबवली होती, गाडी मागाहून नेली.

"तिला टाकून पळाला नाहीत, मग खोटं का बोललात?"

"ती शुद्धीवर आली की सांगणार होतो. ती गेली. मग जमेना."

"आणि इथे सारखे का यायचात?"

"घरी बसवत नव्हतं, साहेब."

केस म्हातारीचेच निघाले. दोषारोपपत्र गेलं. तिच्या मुलाला मी स्वतः सांगितलं. तो म्हणाला, "आईच्या बाराव्याला आला होता तो. मी त्याच्या पाया पडलो होतो."

गुन्हेगार पळतो, असं आम्हाला शिकवलेलं. काही जण पळत नाहीत, जवळच घुटमळत राहतात. त्यानंतर अपघातात मदतीला धावलेल्या माणसाचीही गाडी मी तपासायला लागलो. ते योग्यच होतं. पण जखमीच्या रक्ताने शर्ट भिजलेल्या माणसाला "तुमची गाडी कुठंय?" असं विचारताना माझी मान कधी वर झाली नाही.