सुकापुरातली तुटणारी वायर

पनवेलच्या नोकरीतलं एक साधं प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. गुन्हाही दाखल झाला नव्हता.

सुकापुरात घरोघरी इंटरनेट पुरवणारा एक माणूस आमच्या पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन आला. कंपनीतली नोकरी सोडून त्यानं स्वतःचा धंदा उभा केला होता. एका इमारतीत एकाच घराची त्याची वायर कुणीतरी वारंवार कापत होतं. त्याचा संशय जुन्या केबलवाल्यावर होता. "साहेब, याचं नेट टिकत नाही, अशी बोंब झाली की माझं दुकान बंद," तो म्हणाला.

केबलवाल्याला चौकशीला बोलावलं. गावचाच माणूस, आवाज मोठा. मी सरळ विचारलं, तसा तो म्हणाला, "आमी कशाला कापू, साहेब? त्या घरात आदी आमचीच लाइन व्हती. तीबी अशीच तुटायची. म्हणून तर त्यांनी आमाला काढला."

दोघं प्रतिस्पर्धी, पण घर एकच. मी महिला शिपायाला घेऊन तिथं गेलो. वायर चौथ्या मजल्यावर, खिडकीच्या ग्रिलला लागून कापलेली होती. बाहेरून तिथं हात पोचणं शक्य नव्हतं.

घरात तिशीतली बाई एकटीच होती. नवरा आखातात. मी कापलेल्या टोकाकडे बोट दाखवलं. तिनं नाकारलं नाही.

"ह्यांनी चार जणांना विचारून खात्रीचं नेट निवडलं," ती म्हणाली. "संध्याकाळी कॅमेरा लावायचा, तो मी झोपेपर्यंत चालू. कोण आलं, मी कुठे उठून गेले, सगळं ह्यांना तिकडून दिसायला हवं. बंद केला की भांडण. वायर तुटली की मात्र दोष नेटवाल्याचा."

"मी बोलू का त्यांच्याशी?" मी विचारलं.

ती म्हणाली, "नको. मीच सांगते."

तिनं ठाण्यात येऊन जबाब दिला आणि नुकसान भरून द्यायची तयारी दाखवली. नेटवाल्यानं तिथंच बसून सगळं ऐकलं आणि अर्ज मागे घेतला. जाताना तो तिला म्हणाला, "ताई, वायर कापू नका, नको तेव्हा नेट बंद करा. तुमची लाइन कधी चालू, कधी बंद, हे मी तुमच्याशिवाय कुणाला सांगणार नाही."

पुढे नवऱ्यानं त्याला फोन करून तेच विचारलं. कनेक्शन बाईंच्या नावावर आहे, त्यांनाच विचारा, असं सांगून त्यानं फोन ठेवला. ते गिऱ्हाईक गेलं असतं तरी त्याची तयारी होती. बाई नंतर नवीन पनवेलमध्ये नोकरीला लागल्याचं कळलं. नवरा-बायकोचं पुढे काय झालं, ते मला ठाऊक नाही.

काही बंद पडलं की यात फायदा कुणाचा, हे आम्ही पोलीस आधी शोधतो. चालू असण्याचा जाच कुणाला होतो, हेही विचारायचं असतं, ते मी त्या घरात शिकलो.

निवृत्तीनंतर घरी नेट घ्यायचं ठरलं, तेव्हा मुलगा वेगाचे आकडे वाचून दाखवत होता. मी सुकापुरातल्या त्या नेटवाल्याचा नंबर शोधत होतो.