शिल्लक असताना

खोटं कशाला सांगू, प्रशिक्षणाचं पत्र आलं तेव्हा मी आधी जेवण मिळणार आहे का ते बघितलं. राज्य सरकारने खरेदीचे नियम बदलले होते आणि ते समजून घ्यायला प्रत्येक सरकारी दवाखान्यातून खरेदीचं टेबल सांभाळणाऱ्याने ठाण्याला दोन दिवस जायचं होतं. शहापूर-मुरबाड भागातल्या आमच्या दवाखान्यात ते टेबल माझं. पावसाळा तोंडावर, कामाचा ढीग पडलेला, आणि मी तिथे थंड हॉलमध्ये बसून पडद्यावरची अक्षरं वाचायची! जाताना मी आमच्या भाऊंना म्हटलं, "येते दोन दिवस झोप काढून."

भाऊ म्हणजे आमचे भांडारपाल. औषधांच्या खोलीच्या किल्ल्या त्यांच्याकडे. गाव धसईच्या पलीकडचं, वर्षानुवर्षं पगार सरकारी पण बोलणं अजून शेताच्या बांधावरचं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. खोकं बांधावं तर त्यांनीच. सुतळीची अशी गाठ मारायचे की बापजन्मात सुटायची नाही. आम्ही दोघं रोज एकत्र डबा खायचो आणि रोज भांडायचो. त्यांच्या डब्यातली सुकटीची चटणी फार चांगली असायची, म्हणून मी भांडण कधी जेवणाच्या वेळेपर्यंत ताणलं नाही.

आमचं मोठं भांडण एकाच गोष्टीवरून. जुन्या नियमात औषधाची मागणी लावायची तर सोबत दाखला जोडावा लागे, की या औषधाचा साठा निरंक आहे. निरंक म्हणजे शून्य. कपाटात एक बाटली जरी असली तरी मागणी परत यायची. आता औषध काय आपल्या सोयीने संपतं? दोन-चार बाटल्या राहतातच. त्या असताना निरंक लिहिलं तर दाखला खोटा, आणि संपायची वाट बघितली तर नवा माल येईपर्यंत आठवडेच्या आठवडे कपाट रिकामं. मग आमच्या भागात एक रीत पडली होती. उरलेला माल खोक्यात बांधायचा आणि एसटीत टाकून डोंगराकडच्या दुसऱ्या दवाखान्यात उसना पाठवून द्यायचा. कपाट खरंच रिकामं, म्हणजे दाखलाही खरा. नवा माल आला की उसनं खोकं परत. त्यांची मागणी लावायची वेळ आली की त्यांचं खोकं आमच्याकडे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. भाऊंना मात्र अभिमान होता, की उभ्या नोकरीत मी एक दाखला खोटा दिला नाही.

बाकी खोकी गेली तर जाऊ देत, पण सापाच्या इंजेक्शनचं खोकं एसटीत चढलं की ती गाडी वळणाआड जाईपर्यंत मी दारातून हलायची नाही. भातलावणीच्या दिवसांत पार सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंतची माणसं दिवसभर चिखलात उभी असतात. आमच्याकडे शेतावर साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. त्या जनावराचं नावसुद्धा तोंडी आणायचं नाही. पान लागलेलं माणूस आमच्या दारात आलं आणि कपाट निरंक असलं, तर पुढे थेट कल्याण. वाटेत खड्डे, फाटकं, आडवं आलेलं पाणी. तेवढा वेळ त्या माणसाकडे नसतो. आजवर कसंबसं निभावलं होतं. खोकं गावाला गेलेलं असलं की मी कपाटाच्या दाराकडे बघून रोज म्हणायची, आज नको रे देवा, ते परत येऊ दे.

तर ठाण्याला गेले. शिकवायला एक निवृत्त लेखाधिकारी बाई होत्या. आवाज असा खणखणीत की झोपेचं काही खरं नव्हतं. त्यांनी पडदा लावलाच नाही. उभ्या राहिल्या आणि विचारलं, "औषधाची मागणी कधी करता?"

सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "संपल्यावर!"

"आणि घरात मीठ कधी आणता?"

आम्ही बायका हसायला लागलो. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मग त्या म्हणाल्या, "निरंकचा दाखला नव्या नियमात नाही. प्रत्येक औषधाचा किमान साठा तुम्ही ठरवायचा. साठा तिथवर उतरला की मागणी लावायची. शिल्लक असताना."

मी ताडकन उठले. "मॅडम, हे लेखी आहे का?"

"पुढ्यातली पुस्तिका उघडा," त्या म्हणाल्या.

होतं की हो लेखी! दोनदा वाचलं. शेजारी बसलेल्या वाडा तालुक्यातल्या बाईंनाही वाचायला लावलं. इतक्या वर्षांची ती काळजी, ती अशी सरकारी भाषेतल्या दोन ओळींनी मिटेल असं वाटलं नव्हतं. नंतर बाईंनी आमच्याकडून ज्याच्या त्याच्या दवाखान्याच्या किमान साठ्याचे आकडे काढून घेतले. मी सगळ्यात आधी सापाचं इंजेक्शन घेतलं. लावणीच्या महिन्यांना वेगळं गणित केलं, बाईंनी ते फळ्यावर मांडून दाखवलं, आणि मी दहावी पास झाल्यासारखी गाडीत बसून घरी आले.

शिकून आलेल्याने दवाखान्यातल्या इतरांना शिकवायचं असा आदेश होता. माझ्या वर्गात विद्यार्थी एकच, भाऊ. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना मीठ वगैरे सगळं सांगितलं. ते शांतपणे चटणी वाढत होते.

"ताई, घरच्या मिठाला ऑडिट नसतो," ते म्हणाले.

त्यांचं दुखणं मला माहीत होतं. तरुणपणी त्यांनी पट्ट्यांचा एक गठ्ठा शिल्लक असताना नव्या पट्ट्या मागवल्या होत्या. साठा असताना खरेदी का केली, असा आक्षेप लागला आणि त्यांची बढती किती तरी वर्षं अडकली. बरोबरीचे पुढे गेले. तेव्हापासून त्यांना शिल्लक या गोष्टीचीच धास्ती बसली होती.

मी नव्या नियमाप्रमाणे मागणी लावली, कपाटात किती आहे ते खरं लिहून. लावणी जोरात चालू होती. एका दुपारी बघते तर भाऊ जमिनीवर बसून खोक्याला सुतळी बांधतायत.

"हे काय?"

"सापाचं. एसटीने पाठवतो. तुमी मागणी लावलीत ना, मग कपाट निरंक दिसाय नको?"

"भाऊ! अहो मी काय घसा फोडून सांगितलं तुम्हाला?"

"नियम आज आलाय, ताई. ऑडिटवाला येल मी घरी बसल्यावर. माझी पेन्शन अडकवली तर तुमी येणार सोडवाय?"

तेवढ्यात धसईची एसटी दाराशी आलीच. कंडक्टर ओळखीचा. खिडकीतून ओरडला, "काय भाऊ, टाकताय ना खोकं? टाइम झाला."

मी ते खोकं भाऊंच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं. "नाय जात आज. सोडा गाडी!"

"घरात भांडण हाय वाटतं," कंडक्टर हसला आणि घंटी मारली.

भाऊ लालबुंद. "लिहून द्या, खोकं तुमी ठेवलंत म्हणून."

"देते! सही-शिक्क्यानिशी देते!"

दिलंही. जबाबदारी माझी असं लिहिलं, खोकं माझ्या टेबलाखाली सरकवलं आणि त्यावर पाय ठेवून बसले. तोंड वर होतं, पण आतून टरकले होते. भाऊंची निवृत्ती जवळ, पण माझी नोकरी बरीच बाकी, आणि पुस्तिकेतलं काही मलाच नीट कळलं नसेल तर? त्या दिवशी भाऊंनी डबा वेगळा खाल्ला. दुसऱ्या दिवशीही. चटणीवाचून पोळी गोड लागत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. एका माणसाने बायकोला दोन्ही हातांवर उचलून आत आणलं. दोघं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली.

"पान लागलं हो! बांधावर पान लागलं!"

पाय सुजून टम्म झाला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरबाई आतून धावत आल्या. एक नजर टाकली आणि ओरडल्या, "भाऊ, सापाचं! लवकर!"

भाऊ धावले. कपाट उघडलं आणि तिथेच थांबले. तो कप्पा रिकामा होता. इतक्या वर्षांची सवय, कप्पा रिकामा म्हणजे खोकं गावाला गेलेलं. त्यांचा चेहरा मला जन्मात विसरता यायचा नाही. "गेलं," ते म्हणाले, "ते तिकडं गेलं."

"अहो कुठे गेलं! माझ्या टेबलाखाली आहे!"

या वयाचा माणूस गुडघ्यांवर आदळला आणि टेबलाखाली शिरला. खोकं ओढलं, आणि गाठ काही सुटेना. त्यांचीच गाठ! "कुणी मेल्यानं मारलीय ही!" असं ओरडत ते दातांनी सुतळी तोडायला लागले. मी कात्री शोधत होते, ती हातात असूनही शोधत होते. शेवटी त्यांनी पुठ्ठाच फाडला आणि ओंजळीत बाटल्या घेऊन पळाले.

मग नुसतं बसणं. नवरा उंबऱ्यापाशी उकिडवा बसला होता. मी त्याला चहा दिला, त्याने तो तसाच हातात धरून थंड केला. भाऊ बाकावर, हातात सुतळीचा तुकडा. पाऊस पत्र्यावर वाजत होता.

दिवे लागणीच्या सुमारास डॉक्टरबाई बाहेर आल्या. "रक्त थांबलंय. रात्रभर लक्ष ठेवायला कल्याणला पाठवते," त्या म्हणाल्या. "आता पोचेल ती."

आता पोचेल! हुश्श म्हणून मी भिंतीला टेकले. नवरा भाऊंच्या पायाशी वाकायला लागला तर भाऊंनी त्याला दंडाला धरून उभं केलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना बाई नवऱ्याला पहिलं काय म्हणाली असेल? "रोपांच्या मुठी बांधावरच ऱ्हायल्या. त्या पाण्यात ठेवा जाऊन." त्या अवस्थेतही मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. खुर्ची ओढली, चटणी माझ्या ताटलीत वाढली. आम्ही जेवायला लागलो.

"ताई, चार बाटल्या उरल्यात," ते म्हणाले.

माझा घास तोंडातच राहिला. म्हटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा सुतळी आणणार.

"मग?"

"मग काय मग? तातडीची मागणी लावा. शिल्लक हायेत तवरच." आणि खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं. "चार शिल्लक असं मीच लिहितो. सही पन माझी."

मी पदर डोळ्यांना लावला.

"आता कशाला रडताय?" भाऊ म्हणाले. "जेवा. मग कागद आणा."