गोदूबाईचा बसलेला गळा

जुन्या भाईंदरात कुजबुज होती, की धवलारीण गोदूबाईला कोणीतरी विड्यातून शेंदूर खायला घातला आणि तिचा गळा कायमचा बसला. कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगताना बाया तोंडाला पदर लावून धर्माजीच्या घराकडे नुसत्या बघत. नाव घेतलं तर भांडण, बघितलं तर कोण काय करणार?

त्याआधीची गोदूबाई काय विचारता! कोळीवाड्यात भट उशिरा आला तर चालायचं. गोदूबाई उशिरा आली तर नवरदेव पाटावर वाळत बसायचा. लग्नातले धवले गायचे ते तिनेच. हळदीला तिने सूर ताणून विचारायचं, "हलद कोनाचे अंगाला गो?" आणि मांडवाने नवऱ्याचं नाव घेऊन उत्तर द्यायचं. नाव घेतलं की हळद लागली. बाई रूपाने यथातथाच, हाताला चव त्याहून कमी, नवऱ्याशी कधी पटलं नाही. पण मांडवात शिरायची अशा तोऱ्यात, की लग्न हिचंच आहे. दुसरं होतं काय तिच्याजवळ?

सदुसष्ट साली रेतीवाला बाबाजी ग्रामपंचायतीला उभा राहिला. समोर मिठागरातला धर्माजी. धर्माजी सभेत मजुरी आणि पिण्याचं पाणी समजावून सांगे आणि लोक जांभया देत. बाबाजीकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो सरळ गोदूबाईच्या ओट्यावर येऊन बसला.

"गोदूबाय, माझ्या लग्नात गायलीस. आता सभेत गा. भोंग्यावर."

"सभेत हलद कोनाला लावू रे मेल्या?"

"मला."

भोंगा म्हटल्यावर बाई विरघळली. आपला आवाज खाडीपलीकडे जाणार!

सभेत बाबाजी मुंडावळ्या बांधून पाटावर बसला. बायको खाली बसून लाजत होती, आपलंच दुसऱ्यांदा लग्न लागतंय अशी. गोदूबाईने विचारलं आणि अख्ख्या मैदानाने उत्तर दिलं, "बाबाजीचे अंगाला!" दुसऱ्या दिवसापासून पोरं तेच, दारुडे तेच, मासळीबाजारात गिऱ्हाइकाने भाव विचारला तरी तेच. धर्माजी नळाबद्दल बोलायला उभा राहिला, "हे पाणी शेवटी कोणाच्या घरात येणार?" मागून आरोळी आली, "बाबाजीचे अंगाला!" धर्माजी निवडणुकीत पडला, बाबाजी सरपंच झाला. नळ काही आला नाही.

मग लग्नसराई आली. शेवंतीच्या लवूची हळद. गोदूबाईने मान उंचावून सूर लावला, "हलद कोनाचे अंगाला गो?" आणि सगळा मांडव एका सुरात म्हणाला, "बाबाजीचे अंगाला!"

खोखो हसले सगळे. शेवंती मात्र कपाळ बडवत उठली. "माजे पोराची हलद दुसऱ्याचे नावानं लागली! आता नवरी कोनाची झाली गो?"

पुढच्या लग्नात तेच. मुद्दाम कोणी करत नव्हतं, लोकांच्या जिभेला वळणच लागलं होतं. तिसऱ्या लग्नात सदू रेकॉर्डवाला आला. त्याच्या सिनेमाच्या गाण्यांत बाबाजी नव्हता. गोदूबाईला पुन्हा आमंत्रण आलं नाही. दुसऱ्यांच्या मांडवातली रेकॉर्ड ती ओट्यावर बसून ऐकायची आणि सूर कुठे घसरला ते भिंतीला सांगायची.

पुढची निवडणूक आली तेव्हा बाबाजीला गाव विचारेना. तो परत ओट्यावर आला. ती त्याच्याआधीच बोलली, "गाते रे! कुटं गायाचं सांग."

"गायचं न्हाय. गळ्याला फडकं गुंडाळून स्टेजवर बसायचं. तोंड उघडायचं न्हाय."

"मंग मना काय?"

"माझ्या पोरीची, मंदाची हळद तुझ्याच गळ्यातून होईल. सगळ्या गावासमोर."

सभेत ती तशी स्टेजवर बसली. बाबाजीने तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि भोंग्यावर हुंदका दिला. "हा गावाचा गळा! विड्यातून शेंदूर घालून कोणी बसवला? मी नाव घेणार नाही." बाया ढसाढसा रडल्या. पुरुष धर्माजीकडे बघू लागले. "गोदूबाय, खरं की न्हाय?" बाबाजीने विचारलं. गोदूबाईने मंदाच्या हळदीचा विचार केला आणि मान हलवली.

बाबाजी पुन्हा निवडून आला. धर्माजीच्या घरचं पान कोणी खाईना.

मंदाच्या हळदीला गोदूबाई नवं लुगडं नेसून पोचली. बाबाजी तिला बाजूला घेऊन म्हणाला, "आता कशी गाशील? लोक म्हणतील, सरपंच खोटं बोलला."

"बाबाजीशेठ, तू बोल्ला व्हतास."

"पुढे बस ना. मान देतोय की."

ती पुढे बसली. सदूने रेकॉर्ड लावली. येणारीजाणारी बाई तिच्या गळ्यावरून हात फिरवून चुकचुकत होती, आणि गोदूबाई ओठ घट्ट मिटून मान डोलावत होती.

गोदूबाईला शेंदूर कोणी घातला नव्हता. तिचा गळा मरेपर्यंत चांगला होता.