अध्यक्षांचं घर शेवटी

तिरोडकरकाका गप्पांना बसले की आधी मागच्या वेळच्या गप्पा कायम करून घेत. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो की चहा येण्यापूर्वीच त्यांचं सुरू होई. "परवा आपण बोललो ते असं. तुमच्या कंपनीने खाबुरा गावचं काम घेतलं, कुंपणाच्या भिंतीचा अंदाज तुम्ही काढलात आणि साहेबाने तो कमी करायला सांगितला. बरोबर? कुणाची हरकत?" हरकत नाही म्हटलं की मान हलवून म्हणत, "कायम." मगच आजचा विषय. मध्येच कुणी भलतं काही काढलं तर हात वर करून थांबवत. "हा ऐनवेळचा विषय. शेवटी."

सुरुवातीला मला वाटलं, म्हातारबुवा थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते.

काका विशीत असताना कोकणातल्या खाडीकाठच्या एका छोट्या नगरपालिकेत कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा-बारा वर्षं त्यांच्या विशेष आवडीची. काकू गेल्यावर मुलगा प्रमोद त्यांना मस्कतला घेऊन आला. प्रमोद एसीची मोठी यंत्रं सांभाळणाऱ्या कंपनीत होता. तिथल्या वादी अदाई या वस्तीत, आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर, तो, बायको स्मिता आणि मग झालेलं बाळ असं बिऱ्हाड होतं. मी बांधकामाच्या मालाचे अंदाज काढणारा माणूस. विटा किती, सिमेंट किती, यात माझा दिवस जातो. त्यामुळे आमचं जमलं. माझी बायको म्हणायची, तुम्ही दोघं बोलायला लागलात की ऑफिसातली दोन कपाटं बोलताहेत असं वाटतं.

नगरपालिकेच्या हकिगती त्यांच्याकडे पुष्कळ होत्या आणि त्यांत मोठं असं काही घडत नसे. गावात तेव्हा रॉकेलचे दिवे होते. शुक्ल पक्षात चांदणं असलेल्या रात्री ते लावायचे नाहीत, तेल वाचवायचं, असा नियम. एका श्रावणात, ऐन पौर्णिमेला, ढग दाटून आलेले असताना एक सभासद गटारात पडले. पुढच्या सभेत त्यांनी विषय आणला. ढगामागे चंद्र होता की नव्हता यावर सबंध दुपार चर्चा झाली. एक वकील सभासद म्हणाले, पंचांगात आहे म्हणजे आहे. अखेर ठरलं की पंचांगात चंद्र असला तरी आकाशात दिसत नसेल तर दिवे लावावेत, आणि दिसतो की नाही हे दिवे लावणाऱ्या गड्याने ठरवावं. ही हकिगत सांगून काका म्हणत, "साठे, गाव चालतं ते असल्या ठरावांवर. भाषणांवर नाही."

घरातही तोच कारभार. शुक्रवारच्या सुट्टीला बांगड्याचं तिखलं करायचं की सुरमई तळायची, यालाही सूचक आणि अनुमोदक लागत. स्मिता ठाण्याची, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "बाबा, सूचक मी, अनुमोदक मी, आणि खवणीवर बसणारीही मीच. तुम्ही नुसतं मंजूर म्हणा." काका हसत नसत. "मंजूर," म्हणत.

ते जाऊन आता दहाएक वर्षं झाली. शेवटची वर्षं ते गावीच होते आणि तिथेच गेले. पण काका म्हटलं की मला ती पौर्णिमा आठवत नाही की तिखलं आठवत नाही. आठवतं ते वादळानंतरच्या आठवड्यातलं पाणी.

काका मस्कतला असताना एका जूनमध्ये समुद्रावरून वादळ आलं तेव्हा दिवसभर आणि रात्रभर पाऊस पडला. इथे वर्षातून चार सरी येतात, त्यामुळे वाद्या, म्हणजे इथल्या नद्या, कोरड्या असतात आणि लोक त्यांत गाड्या उभ्या करतात. त्या रात्री वादी भरून वाहिली. सकाळी आमच्या गल्लीत गुडघाभर चिखल होता, गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. वीज गेली, नळ बंद झाले. इमारतीच्या तळाशी जी पाण्याची टाकी होती तिच्यात वादीचा गाळ शिरला, म्हणजे तीही बाद. दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या दुपारपर्यंत संपल्या. टँकर येईल असं कळलं. पण टाकी बाद असल्याने टँकरच्या पाइपखाली प्रत्येकाने आपापली भांडी लावायची, एवढाच मार्ग होता.

आमची आठ बिऱ्हाडं. मराठी बोलणारी तीन: आम्ही, तिरोडकर आणि पहिल्या मजल्यावरचे मुकादमभाई, रत्नागिरीकडचे, मासळीच्या व्यापारातले. बाकी मलबारी, एक हैदराबादी, आणि तळमजल्यावर एक सुदानी मास्तर. पहिला टँकर आला तेव्हा पाइपला जी झोंबाझोंबी झाली ती पाहून काका खाली आले. त्यांनी जिन्याच्या पायऱ्यांवर सगळ्यांना बसवलं आणि आपल्या हिंदीत सभा घेतली. मुकादमभाईंनी सुचवलं, मी अनुमोदन दिलं आणि काका अध्यक्ष झाले. माणशी किती पाणी हे मी काढून दिलं. तळमजल्यापासून वर असा क्रम ठरला. मग काका म्हणाले, एक गोष्ट राहिली. अध्यक्षांचं घर शेवटी.

ही त्यांच्या नगरपालिकेची चाल होती. एप्रिल-मेमध्ये विहिरी आटल्या की बैलगाडीवरच्या टाक्यांनी पाणी वाटत, आणि प्रेसिडेंट ज्या आळीत राहत ती आळी शेवटी घेत. काका म्हणायचे, त्या एका चालीमुळे उन्हाळ्यात कधी भांडण झालं नाही. आम्हालाही ते पटलं. सुदानी मास्तरांना हिंदी येत नव्हती. त्यांनी मतदानाला दोन्ही हात वर केले. काकांनी एकच मोजला.

पहिल्या दिवशी सगळ्यांना पुरलं. दुसऱ्या दिवशी टँकर आधीच कुठेतरी थोडा रिकामा होऊन आला असावा. सात घरांची भांडी भरली आणि पाइपातून नुसती हवा यायला लागली. ड्रायव्हरने पाइप गुंडाळला, "खलास" म्हणाला आणि निघून गेला. स्मिता दोन बादल्या आणि एक पातेलं घेऊन उभी होती. बाळ पाच महिन्यांचं, बाटलीच्या दुधावरचं. दूध कालवायला पाणी, बाटल्या उकळायला पाणी. घरात पिण्याच्या तीन बाटल्या उरल्या होत्या, आणि उकाड्याने बाळाचं पोटही बिघडलं होतं, त्यामुळे दुपटी धुवायला हवी होती.

मुकादमभाईंनी लगेच आपली एक कळशी वर नेऊन दिली. काकांनी ती हात जोडून परत केली. म्हणाले, वाटप झाल्यावर फेरवाटप नाही. आज तुमचं घेतलं तर उद्या तुम्हाला कमी पडेल आणि मग रांगेला अर्थ राहणार नाही. मुकादमभाई कळशी घेऊन आमच्याकडे आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "याला काय करायचं, साठेसाहेब? नवसाचं बाळ आहे आणि हा माणूस कायदा शिकवतो."

संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा स्मिता आणि काका समोरासमोर होते. प्रमोद कामावर होता. वादळानंतर त्याची कंपनी माणसांना घरी सोडत नव्हती. स्मिताचा आवाज चढलेला नव्हता. तिने विचारलं, तुमच्या प्रेसिडेंटच्या घरी मागे विहीर होती, असं तुम्हीच सांगता ना? काका म्हणाले, होती.

"मग त्यांना शेवटी राहायला काय जात होतं? आपल्याकडे विहीर नाही, बाबा. बेसिन आहे. कोरडं."

काकांनी बेसिनचा नळ एकदा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "विहीर होती ते खरं. पण नियम विहिरीचा नव्हता, खुर्चीचा होता. खुर्चीवर बसून आपलं घर पुढे घेतलं तर उद्या कोण ऐकेल माझं?"

"तुमची खुर्ची म्हणजे जिन्याची पायरी आहे."

"असू दे. तां काय जमाचा नाय, गो." मनातून हलले की ते मालवणीत बोलत.

माझ्या बायकोने मग स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून दोरीने वर एक पातेलं पोहोचवलं, काकांना न कळवता. तिसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही. रस्ता खचला म्हणे. इन्शाल्ला उद्या. आमच्याकडेही तळ दिसायला लागला. बाळ सुकलेलं वाटत होतं. त्या दिवशी स्मिता आमच्याकडे आली आणि बायकोला म्हणाली, बाल्कनीतून किती दिवस घेणार? मी सभा बोलावते.

सभा पुन्हा जिन्यावर भरली. या खेपेला बायकाही आल्या, कारण स्मिताने प्रत्येक दार वाजवून सांगितलं होतं की पाणी पुरुषांना नुसतं मोजता येतं, ते कसं वापरतात हे बायकांना माहीत असतं. काका वरच्या पायरीवर बसले. स्मिता बाळाला कडेवर घेऊन खाली उभी राहिली आणि तिने विषय सांगितला: लहान मूल असलेल्या घराला पाणी आधी मिळावं. काका म्हणाले, हा आजच्या विषयांत नाही. ती म्हणाली, अध्यक्षांच्या परवानगीने घेता येतो, तर परवानगी द्या. काकांनी दिली. न देण्याचं कारण त्यांच्यापाशी नव्हतं.

मग तिने विचारलं, "बाबा, आठ घरांत लहान मूल एकट्या आपल्याकडे आहे. म्हणजे विषय तुमच्या घराचा झाला. म्युनिसिपालिटीत ज्याच्या घराचा विषय निघाला तो सभासद काय करायचा?"

मलबारी शेजाऱ्याला मी हळूच इंग्रजीत सांगत होतो ते थांबलं. नंतर काकांनी मला एकदा सांगितलं की नोकरीत त्यांनी कित्येक सभासदांना सभागृहाबाहेर जायची आठवण करून दिली होती, पण स्वतः त्यांना कधी जावं लागलं नव्हतं, कारण कारकुनाच्या घराचा विषय कोण काढतो?

"बाहेर जायचा," काका म्हणाले. त्यांनी मुकादमभाईंना आपल्या पायरीवर बसायला सांगितलं, कठड्याला धरून उतरले, दाराबाहेर गेले आणि चिखलाने माखलेल्या एका गाडीशी पाठ करून उभे राहिले. ऊन रणरणत होतं. दार उघडं होतं, तर परत येऊन त्यांनी ते ओढून घेतलं. आतलं आपल्याला ऐकू येता कामा नये, म्हणून.

आत फार वेळ लागला नाही. मुकादमभाईंच्या बायकोने सुचवलं, सुदानी मास्तरांच्या बायकोने हात वर केला, आणि विरोध करायला कुणी नव्हतंच. मी काकांना बोलवायला गेलो. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्यांनी आत येऊन निकाल विचारला. एकमताने, मुकादमभाई म्हणाले. काकांनी ठराव पुन्हा बोलून दाखवायला सांगितला, शब्दन् शब्द ऐकला आणि आपल्या पायरीवर बसले.

"ठराव माझ्या मनाविरुद्ध आहे," ते म्हणाले. "अंमलबजावणी होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच टँकर आला. काकांनी स्वतः हाक दिली, "लहान मूल असलेलं घर." स्मिताची भांडी भरली. प्रमोद नुकताच परतला होता, त्याने ती वर नेली. मग तळमजला, पहिला मजला, असं होत होत सातही घरं संपली. टँकरमध्ये अजून थोडं पाणी होतं. तेव्हा काका एक छोटी बादली घेऊन पाइपाशी गेले.

मुकादमभाई म्हणाले, "काका, तुमचं पहिलंच झालं की."

"झालं ते बाळाच्या घराचं. मी काही लहान मूल नाही. अध्यक्ष शेवटी, तो ठराव रद्द झालेला नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते चार दिवस आंघोळीशिवाय होते आणि प्यायलाही घरातलं फारसं घेत नव्हते, हे स्मिताने सकाळीच माझ्या बायकोला सांगितलं होतं. ड्रायव्हर "यल्ला" म्हणत घाई करत होता. स्मिता वरून खाली आली. बाळ प्रमोदकडे होतं. तिने काकांच्या हातातली बादली धरली, ओढली नाही, नुसती धरली.

"बाबा, आपल्या घरात चुली किती?"

"एक."

"मग घरं किती?"

घरपट्टी, पाणीपट्टी, रेशन, सगळीकडे काकांनी आयुष्यभर तोच हिशेब धरला होता: एक चूल, एक घर. तिच्या म्हणण्यात त्यांना खोट सापडली असती तर त्यांनी ती दाखवली असती. ते शोधत होते हे दिसत होतं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"वर चला," स्मिता म्हणाली. "तुमच्या आंघोळीचं काढून ठेवलंय. निवेल."

काकांनी बादली सोडली. उरलेलं पाणी मुकादमभाईंनी सुदानी मास्तरांच्या पिंपात सोडायला लावलं. नळाला पाणी यायला आणखी तीन-चार दिवस लागले, आणि प्रत्येक टँकरला काका खाली येऊन घरांची हाक देत राहिले, धुतलेला शर्ट घालून, हात मागे बांधून, रिकाम्या हातांनी.