पोचला नव्हता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्याशी एरवी सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कुठून सुरू करावं तेही नीट कळत नाही.

मी लातूरची. तिथल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. नांदेडच्या एका खाजगी ट्रस्टच्या दवाखान्याने आमच्याकडून एक यंत्रणा करून घेतली होती. किनवटकडच्या जंगलपट्ट्यात मुलींची निवासी वसतिगृहं आहेत. तिथे फोनला रेंज नसते, पण वसतिगृहाच्या ऑफिसात कसंबसं इंटरनेट असतं. मुलगी आजारी पडली की अधीक्षिकाबाईंनी टॅबवर मेसेज टाकायचा, तो नांदेडच्या कंट्रोल रूममध्ये उमटायचा, आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जायचा. मेसेज इकडून तिकडे नेण्याचं काम माझं होतं.

थोडं समजावून सांगते, नाहीतर माझी चूक तुम्हाला दिसणार नाही. एरवी आपण वेबसाइटला काही विचारतो, ती उत्तर देते, बोलणं संपतं. इथे लाइन कायम उघडी ठेवलेली — कानाला लावलेला फोन खाली ठेवायचाच नाही, तशी. दोन्हीकडून कुणीही कधीही बोलावं, उत्तरासाठी कुणी अडकून बसू नये. मग आपलं म्हणणं तिकडे गेलं, हे कळायचं कसं? त्यासाठी समोरच्या स्क्रीनकडून पोच परत यायची, आणि ती आली की इकडे मेसेजखाली हिरव्या अक्षरांत ‘पोचला’ असं उमटायचं.

असं मी आधी केलं होतं. खरंच केलं होतं.

मग ट्रस्टच्या डॉक्टरांना ते दाखवायचा दिवस आला. त्या दिवशी तिथलं इंटरनेट रडत होतं. पोच यायला वेळ लागत होता, ‘पोचला’ उमटत नव्हतं. डॉक्टर घड्याळ बघू लागले. आमचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ते माझ्याकडे बघू लागले. जेवणाच्या सुट्टीत मी लॅपटॉप उघडला आणि दोन ओळी बदलल्या. मेसेज आमच्या सर्व्हरवरून, म्हणजे मधल्या संगणकावरून, निघाला, की लगेच ‘पोचला’. समोरून पोच येवो, न येवो.

दुपारी सगळे खूश झाले.

आठवड्याभरात पूर्ववत करीन, असं मी ठरवलं होतं. केलं नाही. विसरले का? नाही. तक्रार येत नव्हती, एवढंच. आणि अशी उघडी लाइन कधी कधी मधेच मरते, तरी सर्व्हरला ती जिवंतच वाटत राहते — हेही मला माहीत होतं. या कामात पडणाऱ्याला पहिल्यांदा हेच कळतं.

श्रावणातल्या एका दुपारी वसतिगृहामागच्या ओढ्यावर कपडे धुताना आठवीतल्या रेणुकाच्या पायाला घोणस चावली. अधीक्षिकाबाईंनी मेसेज टाकला. खाली हिरवं ‘पोचला’ आलं. त्याच वेळी भाजीचा टेम्पो आवारात उभा होता. ड्रायव्हरने विचारलं, पोरीला घालू का गाडीत? बाई म्हणाल्या, नको, दवाखान्याची गाडी निघालीच असेल, तिच्यात औषध असतं. टेम्पो गेला.

गाडी निघालीच नव्हती.

बाईंनी शेवटी माणूस पळवला, पुढच्या गावातून जीप आणली. रेणुका वाचली. पण पाय वाचला नाही — गुडघ्याखालून काढावा लागला.

सरांनी मला काय झालं ते बघायला सांगितलं. मला फार शोधावं लागलं नाही. दुपारी कंट्रोल रूमचं इंटरनेट गेलं होतं आणि दुसऱ्या कनेक्शनवरून परत आलं होतं. जुनी लाइन सर्व्हरवर तशीच, जिवंत असल्यासारखी पडून होती. मेसेज तिच्यावर गेला आणि विरला. आणि माझ्या दोन ओळींनी रानातल्या त्या बाईला सांगितलं, पोचला.

त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये प्रज्ञा होती. भोकरजवळच्या खेड्यातली. वडील शेतमजूर, घरात ऑफिसची नोकरी लागलेली ती पहिलीच. मी तिला यंत्रणा शिकवली होती, तेव्हापासून ती मला मानायची. नांदेडला बैठक झाली. डॉक्टर, दवाखान्याचा मॅनेजर, सर, मी, आणि टेबलाच्या टोकाला ती. मॅनेजरचं म्हणणं असं, की मेसेज पोचलेला आहे, मग तू जागेवर नव्हतीस, नाहीतर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होतीस. ती रडली नाही. तिने सरळ माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, मी जागची हलले न्हाई. स्क्रीनवर कायीच आलं नव्हतं. तुम्हीच सांगा ना ह्यांना, आला होता का मेसेज?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “सिस्टीममध्ये पोचला असंच दिसतंय.”

बघा ना — शब्द खोटा नाही. दिसत तसंच होतं. किती जपून निवडलं होतं मी ते वाक्य! बैठकीला जाताना गाडीत बसून निवडलं होतं. म्हणजे ती विचारणार हे मला आधीच माहीत होतं, नाही का?

प्रज्ञाला काढून टाकलं. त्याच आठवड्यात मी त्या दोन ओळी गुपचूप पूर्ववत केल्या, ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणून. पुढे यंत्रणा आणखी वसतिगृहांत गेली. मला टीमची प्रमुख केलं. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले.

पुण्याहून दोनदा चांगली नोकरी चालून आली. मी नाही म्हणाले. घरच्यांना वाटतं, मला लातूर सोडवत नाही. खरं असं, की मी गेले तर माझ्या जागी दुसरं कुणी बसेल, जुना कोड उघडेल, कुठली ओळ कधी बदलली आणि कुणी, ते त्याला दिसेल. म्हणून मीच बसून आहे. कुणी नवा मुलगा त्या भागाला हात लावतो म्हणाला, तर मी म्हणते, राहू दे, ते मी बघते. सुट्टी घेतली तरी जीव तिथेच. दार उघडं आहे आणि मी राखण करत आत बसलेय.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडच्या बसस्थानकावर प्रज्ञा भेटली. मी तोंड फिरवलं होतं, तिनेच हाक मारली. भोकरला एका कापडाच्या दुकानात असते म्हणाली. माझ्या मुलांची चौकशी केली. मग म्हणाली, “मॅडम, रेणुकाचं लई मनात येतं. आधी वाटायचं, आलाच नव्हता मेसेज. पण तुम्ही बघितलं होतं म्हणल्यावर... माझंच लक्ष नसंल तवा. डुलकी लागली असंल.”

तिची बस लागली होती. तिथे, तेव्हा, एक वाक्य पुरलं असतं.

“होतं असं कधी कधी,” मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि ती बसमध्ये चढली.

प्रज्ञा जागी होती. ती जागेवर होती, तिचं लक्ष स्क्रीनवर होतं. मेसेज आलाच नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.