कोंडीबानं चाटलेली पावडर

वाळवा तालुक्यातल्या चाळीसएक गावांना कोंडीबाचं आडनाव ठाऊक नव्हतं. पावडरवाला कोंडीबा म्हटलं की झालं. पावसाळा तोंडावर आला की हिवतापवाल्यांची टोळी इस्लामपुरातून निघायची. बादलीत डीडीटी कालवायची, जोडीदार हंबीररावानं पंप हाणायचा आणि कोंडीबानं नळी धरून भिंती, आढं, गोठा सगळं पांढरं करायचं. जाताना दाराशेजारी गेरूनं तारीख घालायची. तोंडाला काय, तर स्वतःचाच पटका. चौदा हंगाम हेच चाललं होतं. हंगाम संपला की खातं त्यांना ओळखसुद्धा दाखवत नसे.

बायका दारात आडव्या व्हायच्या. आत्ताच सारवलंय म्हणायच्या, ढेकणं मरत न्हाईत, उलट पिसाळत्यात म्हणायच्या. कोंडीबा वाद घालत नसे. चिमूटभर पावडर जिभेवर ठेवायचा आणि सगळ्यांदेखत गिळायचा.

"बघा, मेलो का? ह्याच्यापरीस चुना जास्त भाजतोय."

बायका हसायच्या आणि दारातून बाजूला व्हायच्या. ही युक्ती त्याची त्यानंच काढलेली. मुंबईचे साहेब पाहणीला आले की सुपरवायझर मुद्दाम त्याला पुढं करी. "हा आमचा कोंडीबा," म्हणत पाठीवर थाप मारी. थाप फुकट असते, म्हणून साहेबलोक ती सढळ हातानं देतात. कोंडीबा मात्र त्या थापेवर वर्षभर जगायचा.

पंचाहत्तर साली नळी धरलेली बोटं थरथरायला लागली. ओठांना मुंग्या यायच्या. तंबाखू मळताना निम्मी खाली सांडायची. बायको चंद्राबाई म्हणाली, "तंबाखूच सोडा." त्यानं सोडली. थरथर काही सुटली नाही.

त्याच वर्षी बातमी आली की जुन्या फवारणीवाल्यांना कायम करणार. बारमाही काम, रजा, म्हातारपणी पेन्शन. अट एकच होती. सरकारी डॉक्टरनं तब्येत धडधाकट असल्याचा शेरा मारला पाहिजे. कोंडीबाला वाटलं, आता आपण माणसांत आलो.

पण मेडिकलच्या आधी कृष्णाकाठच्या एका गावात राजमतीआक्काचं घर लागलं. जैनाचं घर. सूर्य मावळायच्या आत जेवणारी, मुंगीला वळसा घालून जाणारी बाई. वर्षानुवर्षं तिनं टोळीला उंबरा ओलांडू दिला नव्हता. गेल्या साली नातू तापानं फणफणला, तेव्हा कोंडीबाची जीभ बघून तिनं होकार दिला होता. यंदा ती पुन्हा दारात उभी.

"कोंडीबा, माझं मांजर गेलं बघ. तू फवारून गेलास आणि आठवड्यात पाय झाडून मेलं."

"मांजराचं काय सांगावं, आक्का. भाईर काय बी खात असतंय."

"भाईर जात नव्हतं ते. दुधावर होतं. भिंतीला अंग घासायचं, आणि मग तेच अंग चाटत बसायचं." तिनं त्याच्या बोटांकडं पाहिलं. "तू बी चाटतोस की रे."

बाई रागावली नव्हती. तेच त्याला जास्त लागलं. त्या दिवशी त्यानं पावडर तोंडात घातली नाही. टोळीनं वहीत 'घर बंद' लिहिलं आणि पुढची वाट धरली.

वाटेत हंबीरराव म्हणाला, "डाक्तरापुढं गप ऱ्हा गड्या. दोन दिस हाताला इसावा दे, जाईल खपून."

"आन् मग?"

"मग पेन्शनीपतोर पावडर. अजून काय पायजे तुला?"



सांगलीला डॉक्टरनं त्याला हात पुढं धरायला लावले, बोटं पसरायला लावली आणि वर एक कागद ठेवला. कागद फडफडू लागला.

"दारू पिता?"

"शिवत न्हाई."

"ओझं उचललं असेल काल?"

पोरगेला डॉक्टर भला होता, सुटायला वाट देत होता. व्हय म्हटलं असतं तर शेरा मिळाला असता. कोंडीबा म्हणाला, "चौदा वर्सं डीडीटी खातोय साहेब. लोकांनी घरात घ्यावं म्हणून. ह्यानंच व्हतंय का, तेवढं सांगा."

डॉक्टरनं पेन उचललं. "पुस्तकात ठाम काही नाही," म्हणाला, आणि फवारणीला नालायक असा शेरा मारला.

सुपरवायझरनं तो कागद वाचला. "तुला खायला कुणी सांगितलं होतं? नियमात आहे का?"

"तुमीच लावलं की. मुंबईच्या साहेबापुढं."

"मी? लेखी दाखव."

पाठीवरची थाप लेखी कुठून दाखवणार? 'कामगाराने स्वतःच्या हलगर्जीपणाने पावडर खाल्ली' असा मजकूर लिहून सुपरवायझरनं कागद त्याच्यापुढं सारला. कोंडीबाला सही येत होती. त्यानं केली नाही. सहीवाचूनही त्याचं नाव कटलं. हंबीरराव कायम झाला.

पुढच्या जूनमध्ये टोळी कोंडीबाच्याच गावात आली. तो चुलतभावाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वैनी, फवारू देऊ नगा. मी खोटं बोलत हुतो इतकी वर्सं."

भावजय बनुबाईची धाकटी पोर आत दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती. त्या साली हिवताप पुन्हा घरोघर शिरला होता. बनुबाई म्हणाली, "नोकरी गेली तवा खरं सुचलं व्हय, भावजी?"

"तसं समजा."

"मग पोरीच्या तापाला काय करू? सांगा की."

  अंगणात हंबीरराव मान खाली घालून बादली ढवळत होता. कोंडीबा दारातून बाजूला झाला.

"पीठ झाका मग," तो म्हणाला. "पाण्याची घागर भाईर काढा. पोरीला तर आधी काढा."

ती पोरीला उचलायला आत वळली. तो मागोमाग गेला आणि घागर त्यानंच उचलली. दोन्ही हातांनी छातीशी धरली, तरी अंगणात येईतो निम्मं पाणी त्याच्या अंगावर सांडलं होतं.