इथे स्क्विनीला कोणी ओळखत नाही

मंडळी, दुपारपासून मन कशातच लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आयोवात आमच्या अपार्टमेंटमागच्या गवतात खारीसारखा एक पट्टेरी प्राणी राहायचा. बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा राहून बघत बसायचा. शेजारच्या गोऱ्या आजींनी माझ्या मुलीला, सईला, त्याचं नाव सांगितलं, स्क्विनी. तिथे सगळे तेच म्हणतात. दोन वर्षं सई रोज शाळेतून आली की आधी स्क्विनीला भेटायची.

गेल्या महिन्यात नवऱ्याचा प्रोजेक्ट संपला आणि आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आलो. सई सात वर्षांची आहे. हे तिचं चौथं गाव.

आज तिने वर्गात दाखवायला स्क्विनीचं चित्र नेलं होतं, पाठीवरचे तेराही पट्टे मोजून काढलेलं. टीचर म्हणाल्या, हा तर चिपमंक, म्हणजे इकडची पट्टेरी खार. ती नाही नाही म्हणत राहिली आणि मुलं हसली.

घरी येऊन रडायला लागली. मी भांडी घासत होते. म्हटलं, "अगं, मग इथे चिपमंक म्हण ना. अ‍ॅडजस्ट करायचं थोडं."

ती रडायची थांबली. चित्राची घडी घालून कचऱ्यात टाकली आणि म्हणाली, "आई, नेक्स्ट प्लेसला काय म्हणतात ते आत्ताच सांग. मग इथलं मी शिकतच नाही."

नवऱ्याचं इथलं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं आहे.

तुमची मुलं असं काही म्हणाली, तर तुम्ही काय सांगता? मला तर तिचं काही चुकतंय असं वाटलंच नाही.